सावडीचा दिवस

शहापूरच्या त्या कॉलेजात बाहेरच्या विद्यापीठातून सहसा कुणी येत नसे. इथून पोरं जायची. कल्याणला, ठाण्याला, नशीब जोरावर असलं तर थेट मुंबईला. त्यामुळे सत्त्याण्णव सालच्या जुलैत सोलापूरची नम्रता आपली कागदपत्रं घेऊन ऑफिसच्या खिडकीशी उभी राहिली, तेव्हा क्लार्क सुदामराव आधी तिच्याकडे, मग तिच्या मायग्रेशन सर्टिफिकेटकडे आणि मग पुन्हा तिच्याकडे बघत राहिले.

"सोलापूर सोडून इकडं? चुकून तर नाही ना आलात?"

"चुकून नाही ओ. वडिलांची गिरणी बंद पडली. वाशिंदच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले, मग आम्ही सगळेच आलो की."

एवढं उत्तर पुरे होतं. पण नम्रता उत्तर देऊन थांबणारी नव्हती. ती उत्तर द्यायची ते पुढचा प्रश्न विचारायला मोकळं होण्यासाठी. "भिंतीला एवढं शेवाळ कसं काय ओ इथं? आणि ते शिपाईकाका खिडकीला प्लास्टिक का बांधतायत? काचा नाहीत का?"

सुदामराव मुरबाडजवळच्या धसईचे. त्या खिडकीमागं त्यांची पंधरा वर्षं गेली होती आणि आजवर एकाही विद्यार्थ्यानं त्यांना शेवाळाबद्दल विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "पाऊस आडवा येतो. आता कागद बघू द्या."

कागदांत घोडं अडलंच. सोलापुरात पहिल्या वर्षाला नम्रताचा एक विषय मानसशास्त्र होता. इथं मानसशास्त्र शिकवायला माणूसच नव्हता. त्याच्या जागी भूगोल घ्यावा लागणार. नम्रताला त्याचं दुःख नव्हतं. मानसशास्त्रात माणसांविषयी नुसतं वाचायचं असतं, त्यांना काही विचारायचं नसतं, ही तिची जुनी तक्रार होती. पण नियम आडवा आला. पहिल्या वर्षाचं भूगोलाचं प्रात्यक्षिक तिनं केलेलं नव्हतं, ते आता करून द्यायचं. एका खेड्याची पाहणी, साठ घरं, आकडेवारी आणि नकाशा.

"तेरा ऑगस्ट, बुधवार, दुपारी बारा," सुदामराव म्हणाले. "तोवर तुमचा प्रवेश तात्पुरता. फाईल आली तर दुसरं वर्ष कायम. नाही आली तर पहिल्या वर्षाला बसायचं."

पहिल्या वर्षाला बसायचं म्हणजे काय, ते नम्रताला कुणी समजावायची गरज नव्हती. सोलापूरहून येताना गाडीतच वडिलांनी सांगून टाकलं होतं, की नवीन गाव आहे, नवीन पगार आहे, तुला अजून दोन वर्षं शिकवीन. तिसरं मागू नको. एक वर्ष मागं गेलं की दोनाची तीन होणार होती, आणि मग कुठल्यातरी मामाच्या ओळखीतलं स्थळ दारात उभं. वडील वाईट नव्हते. पण शब्दाचे पक्के होते, आणि पक्क्या माणसांचा त्रास असा की त्यांना विनवून उपयोग नसतो.

दुसऱ्या दिवशी नम्रता वर्गात गेली तर वर्ग रिकामा. बाकांवर धूळ नव्हती, ओल होती. भूगोलाचे सर आले, तिला बघून जरा दचकले आणि हजेरीपट उघडून अडतीस नावं वाचली. एकाच नावाला "हजर" आलं, तेही तिचं. सर हजेरीपट मिटून म्हणाले, "आवणी चालू आहे. भाताची लावणी. महिना संपेपर्यंत तुम्ही आणि मी."

मग त्यांनी खरोखरच तिच्या एकटीसाठी पाऊण तास नद्यांची खोरी शिकवली. नम्रताच्या डोक्यात मात्र एकच किडा वळवळत होता. अडतीस पोरं एका वेळी शेतात. कुणाच्या शेतात? आपापल्या? मग एकेकट्या घराचं काम महिनाभर कसं पुरतं? सोलापूरकडं ज्वारी पेरली की माणूस मोकळा. ही काय भानगड आहे?

तीन दिवसांनी लहानी आली. डोळखांबकडच्या एका पाड्यावरची ही पोरगी, शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर सही करण्यापुरती कॉलेजात उगवली होती. पायाच्या बोटांमधली कातडी चिखलानं पांढरी पडलेली. नम्रतानं तिला जिन्यातच गाठलं आणि प्रश्नांची अशी सरबत्ती केली की लहानी जिन्याच्या कठड्याला टेकून हसायलाच लागली.

"येवढं सांगत बसलं तर माझी येष्टी जाईल गो," लहानी म्हणाली. "रविवारी ये नि बघ. साठ घरं पायजेत ना तुला? आमचं गाव नि बाजूचे पाडे मिळून व्हतील."

रविवारी पहिल्या एस.टी.नं नम्रता निघाली. साठ छापील फॉर्म, दोन पेनं, आणि आईनं बांधून दिलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या. "मैत्रिणीकडं राहावं लागलं तर राहीन," असं घरी सांगून ठेवलेलं. फाट्यावर उतरून पाऊण तास चालली, गावात शिरली, पहिलं दार वाजवलं. कुणी नाही. दुसरं वाजवलं, तिथंही नाही. नवव्या घरी एक म्हातारी चार तान्ह्या पोरांना घेऊन बसली होती. ती म्हणाली, "सगली आवणीला. हितं काय दारं वाजवतंस? तिकडं जा."

तिकडं, म्हणजे ओढ्यापलीकडच्या भातखाचरात, चौदा माणसं ओळीत वाकली होती. त्यात लहानी होती, आणि तिची आई बाईजा होती. बाईजा म्हणजे पन्नाशीकडं झुकलेली, काटक, कमी बोलणारी बाई. नम्रता बांधावर उभी राहिली, फॉर्म काढला आणि मोठ्यानं विचारलं, "कुटुंबातील एकूण व्यक्ती किती?"

चौदा पाठींपैकी एकही सरळ झाली नाही. फक्त बाईजा म्हणाली, "उभ्यानं इचारलेलं वाकलेल्याला ऐकू येत नाय पोरी."

नम्रतानं दप्तर झाडाच्या फांदीला अडकवलं, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरली. कुणी तिला आग्रह केला नव्हता. पण बांधावरून बघून हौस फिटेना, हे खरं कारण.

पहिल्या तासाला तिनं लावलेली रोपं तिच्या डोळ्यांदेखत पाण्यावर तरंगायला लागली. शेजारच्या ओळीत बुधी म्हणून एक बाई होती, ती न बोलता ती रोपं उचलून पुन्हा रोवत होती. दुपारपर्यंत नम्रताचा हात बसला. तोंड तर सकाळपासूनच चालू होतं. मागं मागं का सरकायचं? पुढं गेलं तर लावलेलं तुडवलं जाईल म्हणून. एका चुडात रोपं किती? तीन-चार. आज हे खाचर कुणाचं? बाईजाचं. उद्या? उद्या बुधीचं, परवा धाऊचं, मग वरच्या पाड्यावरचं.

"मग मजुरी कोण कुणाला देतं?"

यावर ओळभर हसू पसरलं. "मजुरी कशाची?" बुधी म्हणाली. "सावड हाय."

नम्रतानं दुपारी भाकरी खाताना हा शब्द वहीत लिहून त्यापुढं प्रश्नचिन्ह काढलं. मग कुणीतरी तिच्या ज्वारीच्या भाकरीचा तुकडा मोडून बघितला, ही तांदळाची नाही, नाचणीची पण नाही, मग कशाची, असं उलट तिलाच विचारलं, आणि त्या गडबडीत प्रश्नचिन्ह तसंच राहून गेलं. दुनियाभरचे प्रश्न विचारणाऱ्या पोरीनं नेमका तोच विचारला नाही.

दिवस मावळला. शेवटची एस.टी. गेली होती, म्हणून ती लहानीकडंच राहिली. संध्याकाळी शेजारपाजारची तीन घरं लिहूनही झाली. चुलीपुढं बसून बाईजा भात ढवळत होती. ढवळता ढवळता तिनं विचारलं, "तुझा दिस कवा नि कुठं परत देऊ? आमचं मानूस कुठं येऊ दे?"

नम्रताला वाटलं, बाई भीड म्हणून विचारतेय. ती घाईघाईनं म्हणाली, "छे छे मावशी, काही नको. एवढ्याशा कामाचं काय परत घ्यायचं? राहू द्या ओ."

बाईजाचा हात थांबला. "बरं," ती म्हणाली. लहानी जमिनीकडं बघत राहिली. पण आपण किती चांगलं वागलो या आनंदात नम्रताला ते दोन्ही दिसलं नाही. सकाळी ती गाणं गुणगुणत फाट्यापर्यंत गेली.

पुढच्या रविवारी ती उरलेले सत्तावन्न फॉर्म घेऊन गेली, तेव्हा गावाचं तोंड फिरलं होतं. कुणी वावगं बोललं नाही. वावगं बोलले असते तर बरं, निदान भांडता आलं असतं. बुधीच्या घरी "कर्तं मानूस नाय घरात" असं सांगितलं, आणि कर्तं माणूस ओटीवर बसून विडी ओढत होतं. धाऊला जमीन किती विचारली तर तो म्हणाला, "म्हायत नाय." स्वतःची जमीन किती हे ठाऊक नसलेला शेतकरी नम्रतानं जन्मात पहिल्यांदा पाहिला. लहानी घरी नव्हती. बाईजानं पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही. दिवसभर चिखल तुडवून चार घरं झाली. तीन आणि चार, सात.

कॉलेजातही लहानी आली की विचारलं तेवढंच बोले. नम्रता रडकुंडीला आली. वाशिंदला घरी पोचली की वडील साधंच विचारायचे, "काय, झालं का तुझं ते काम?", आणि ती विषय बदलायची. आपल्याला काय चुकलं हेच कळत नसेल तर माफी तरी कशाची मागायची?

शेवटी सुदामरावांनीच खिडकीतून हाक मारली. "किती घरं झाली?"

"सात."

"आणि आज तारीख?"

"चोवीस जुलै." मग तिला राहवलं नाही. तिनं पहिल्या रविवारपासून सगळं सांगितलं, चिखल, भाकरी, चुलीपुढचं बोलणं, सगळं. सुदामराव ऐकता ऐकता रजिस्टर बंद करून बसले.

"तुम्ही काय म्हणालात? राहू द्या?"

"हो. चांगल्या मनानंच म्हणाले ओ."

"अहो, दान सगळे चांगल्याच मनानं करतात. घेणाऱ्याला विचारा." ते खिडकीत पुढं झुकले. "आमच्या धसईला पण हेच. मजूर येतो तो पैसे घेऊन जातो. पाहुणा येतो तो जेवून जातो. सावडीला येतो तो आपला दिवस ठेवून जातो, आणि ज्याच्याकडं ठेवला त्यानं तो कधीतरी माणूस पाठवून फेडायचा. दिवसाला दिवस. एकट्याच्या घरानं आवणी होत नाही, म्हणून बापजाद्यांपासून हे असं. तुम्ही दिवसभर राबलात, मजुरी घेतली नाहीत, आणि दिवसही परत नको म्हणालात. म्हणजे बाईजाबाईंना सांगितलंत, की तुम्ही माझ्या बरोबरीच्या नाहीत. तुम्हाला मी भीक घातली."

नम्रताचा चेहरा उतरला. तिला सोलापूरची एक सकाळ आठवली. गिरणी बंद होऊन चार महिने झाले होते, आणि कुणीतरी न सांगता त्यांच्या दाराशी ज्वारीचं पोतं ठेवून गेलं होतं. घरात पीठ नव्हतं, तरी आईनं दोन दिवस त्या पोत्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी लावला, तेव्हा ती रडत होती. ते पोतं ठेवणाऱ्याचं मनही चांगलंच असणार. आपण बाईजाच्या चुलीपुढं तसलंच पोतं ठेवून आलो, हे कळलं तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात ते उगाच नाही.

"मग आता काय करू ओ?"

"दिवस मागून घ्या."

"पण माझ्याकडं शेत कुठंय? वाशिंदला चाळीत दीड खोली आहे. तिथं काय लावणार ते?"

"ते मला काय ठाऊक," सुदामराव रजिस्टर उघडत म्हणाले. "भूगोल तुमचा विषय आहे."

रविवारी नम्रता लहानीच्या अंगणात जाऊन उभी राहिली. बाईजा ओट्यावर पावसात डोक्यावर घ्यायच्या इरल्याची सुटलेली काडी बांधत होती. पाया पडावं की काय करावं हे न कळून नम्रता सरळ म्हणाली, "मावशी, माझा दिवस मला पाहिजे."

बाईजानं वर बघितलं. आत लहानी होती, तीही दारात आली. "कशाला?" बाईजा म्हणाली. "शेत घेतलंस का?"

"शेत नाही. साठ घरं लिहायची आहेत. सात झालीत. बाकीची तेरा तारखेच्या आत झाली नाहीत तर माझं कॉलेज गेलं. माझं काम हेच आहे, दुसरं नाही." आणि मग तिला बोलायचं होतं ते तोंडातून निघालंच. "त्या दिवशी मला कळलं नव्हतं ओ. आमच्याकडं सावड नसते."

बाईजानं इरलं बाजूला ठेवलं. आता प्रश्न विचारायची पाळी तिची होती. "चालायचं काम हाय?"

"दिवसभर."

"पावसात?"

"पावसात पण."

"नि बोलायचं पन?"

"बोलायचं तर फारच."

"मंग काम हाय," बाईजा म्हणाली. "फुडच्या रविवारी येते मी. आमची आवणी तवर उरकल." आणि आत बघून म्हणाली, "लहाने, चा ठेव."

तीन ऑगस्टला सूर्य वर आला तशी बाईजा निघाली. तिची रीत वेगळी होती. दारात उभं राहून ती नम्रताचं नाव, गाव, कॉलेज काही सांगत नसे. एवढंच म्हणायची, "हिचा दिस हाय माझ्याव. काय इचारतंय ते सांग." आणि दारं उघडायची. धाऊला आपली जमीन किती ते एकदम आठवलं. एका घरी गृहस्थानं म्हैस एक सांगितली तर बाईजा शांतपणे म्हणाली, "दुसरी काय माझी हाय?" गृहस्थानं दोन लिहायला सांगितलं.

आठव्या घरानंतर बाईजा फॉर्मकडं बोट दाखवून म्हणाली, "मानसं इचारतंस, ढोरं इचारतंस. कुलपाचं कुठं इचारतंस?"

"कसलं कुलूप?"

"दिवाळी झाली का इटभट्टीव जातात. घराला कुलूप. कुनाचं चार म्हयने, कुनाचं सा. ह्ये लिवायचं नाय का?"

छापील फॉर्मात असा रकाना नव्हता. नम्रतानं समासात रेघ मारून नवा केला, "घर बंद असण्याचे महिने", आणि आधीच्या पंधराही घरांना परत जाऊन विचारलं. बाईजा कुरकुरली नाही. दिवस तिच्या बापाचा नव्हता, नम्रताचा होता.

चौतिसाव्या घराच्या अंगणात बाईजा थांबली आणि डोंगराकडं बघून म्हणाली, "दिस फिटला." एकेचाळीस घरं झाली होती. एकोणीस बाकी होती. अजून उजेड होता, पुढचं घर वीस पावलांवर होतं, पण बाईजा वळलीसुद्धा. नियम म्हणजे नियम, मग तो विद्यापीठाचा असो की पाड्याचा.

घरी पोचेपर्यंत नम्रताच्या डोक्यात गणित जुळलं होतं. "मावशी, मी उद्या येते तुमच्या शेतात. मग परवा तुम्ही माझ्याबरोबर या."

"उद्या काय काम नाय. आवणी झाली. आता बेननी, तन काढायचं. ते भात जरा उठल्याव." बाईजानं बोटांवर मोजलं. "आमची पाली ह्या बुधवारच्या फुडच्या बुधवारी."

"तेरा तारीख," लहानी हळूच म्हणाली. तिला नम्रताची तारीख ठाऊक होती.

त्याच दिवशी बाराला नम्रताला फाईल द्यायची होती. बाईजानं मात्र तारखा कधी मोजल्या नव्हत्या. ती म्हणाली, "उद्याचा दिस मी देते. तू तुझा बुधवारी दे."

"आणि मी नाही आले तर?" नम्रतानं विचारलं. धाक म्हणून नव्हे. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तर नाय आलीस," बाईजा म्हणाली.

सोमवारी दुपारपर्यंत साठावं घर लिहून झालं. पुढचा आठवडा नम्रतानं वाशिंदच्या दीड खोलीत तक्ते आखण्यात घालवला. कुलपाच्या रकान्याचा तक्ता तिनं सगळ्यात शेवटी केला. साठातली सत्तावीस घरं वर्षातून चार महिन्यांहून जास्त बंद असत. हा आकडा तिनं पुन्हा एकदा मोजून बघितला. आपणही एक घर बंद करून आलो आहोत, हे तिला तेव्हा जाणवलं, आणि सोलापूरची गल्ली आठवून तिला पहिल्यांदा मनापासून वाईट वाटलं.

मंगळवारी, बारा तारखेला, सरांनी फाईल चाळली, कुलपाच्या तक्त्यावर थांबले, "हे कुणी सुचवलं?" म्हणून विचारलं, सही केली आणि मग नकाशा उलगडला.

"प्रमाण कुठं आहे? प्रमाणाशिवाय नकाशा म्हणजे चित्र. पाड्यापाड्यांमधलं अंतर निदान पावलांनी मोजून आणा. नकाशा लावून फाईल उद्या बाराच्या आत ऑफिसात द्या."

ती तशीच दुपारच्या एस.टी.त बसली. संध्याकाळभर लहानीला बरोबर घेऊन पावलं मोजली आणि उजेड होता तोवर नकाशा पुरा केला. काम झालं आणि मग दोघींनीही तोपर्यंत न काढलेला विषय समोर येऊन बसला. सकाळी सातची एस.टी. धरली तर बाराच्या आत फाईल पोचणार होती. पण मग बुधवार मोडणार होता.

"तू जा," लहानी म्हणाली. "आयला मी सांगते. वरीस जाईल तुझं."

बाईजा चुलीशी होती. तिनं ऐकलं असणार. तिनं चुलीत एक लाकूड आत सारलं.

सकाळी नम्रतानं फाईल प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळली आणि लहानीच्या हातात दिली. "तू जा कॉलेजात. मी ओळीत उभी राहते."

"सुदामराव म्हंतील, सही तिची पायजे, ती कुठंय?"

"म्हणून हा अर्ज." अर्ज चारच ओळींचा होता. आज माझ्यावर बाईजा मावशींचा सावडीचा दिवस आहे, तो मोडता येत नाही, म्हणून फाईल लहानीच्या हाती पाठवत आहे, कृपया स्वीकारावी. खाली सही. लहानीनं तो वाचला, घडी घातली आणि पळतच फाट्याकडं गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर नम्रता खाचरात उतरली. आपण शहाणपणा केला की हात दाखवून अवलक्षण, हे तिला ठरवता येईना. सुदामराव नियमाला धरून चालणारे. त्यांनी फाईल परत केली तर वडिलांना काय सांगायचं? तण काढत होते, त्यांना मी हो म्हणाले होते, असं? वडील हे ऐकून हसतील की गप्प बसतील?

भातातलं तण ओळखणं काही खायचं काम नाही. दोन्ही हिरवीच. बुधी दोनदा म्हणाली, "तो भात हाय गो, त्याला कशाला उपटतंस?" नम्रतानं त्या दिवशी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. धाऊच्या मनगटावर घड्याळ होतं. किती वाजले? साडेदहा. किती वाजले? सव्वाअकरा. मग धाऊच कंटाळून म्हणाला, "बारा वाजून गेले. आता काय व्हायचं ते झालं." त्यानंतर तिनं विचारलं नाही. मुकाट्यानं तण उपटत राहिली, आणि तिची ओळ कुणाच्या मागं पडली नाही.

लहानी आली तेव्हा ऊन डोंगराच्या टोकाशी गेलं होतं. ती बांधावर उभी राहिली. ओळीतल्या सगळ्या पाठी सरळ झाल्या.

"अर्ज दोनदा वाचला त्यांनी," लहानी धापा टाकत म्हणाली. "मंग म्हनले, हे कारन नियमात बसत नाय. मंग पेन चावत बसले. मी उभीच. घड्यालात पावनेबारा. मंग म्हनले, ती खरंच आता खाचरात हाय का? मी म्हनलं, हाय. मंग म्हनले, धसईला आमच्या घरच्या कुनी असा दिस मोडला असता तर माझ्या बापानं घरात घेतलं नसतं. नि शिक्का मारला."

तिनं कागद पुढं केला. नम्रताचे हात कोपरापर्यंत चिखलात होते, म्हणून लहानीनंच तो तिच्या डोळ्यांपुढं धरला. प्रवेश कायम. खाली तारीख, शिक्का आणि सुदामरावांची वळणदार सही. नम्रतानं तो तीनदा वाचला. तिला हसू येत होतं.

"काय लिवलंय?" बाईजानं विचारलं.

"दुसरं वर्ष पक्कं, मावशी. आता इथलीच मी."

बाईजानं मान हलवली आणि डोंगराकडं बघितलं. "बरं झालं. दिस पन फिटला तुझा."

"फिटला कुठं?" नम्रता म्हणाली. "आज लहानी माझ्या कामाला गेली. तिचा दिवस माझ्यावर आला की."

"तिला कालेजात जायचंच व्हतं कवातरी," बाईजा हात धुवायला वाकत म्हणाली. "तेवढ्याशाचं काय. ऱ्हाऊ दे."

दिवसभर वर्ष जायची भीती होती तेव्हा नम्रताच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते आत्ता आलं. कुणी हाताला धरून ओळीतून बाहेर काढावं आणि बांधावर नेऊन उभं करावं, तसं तिला झालं. "असं नका म्हणू ओ, मावशी," ती म्हणाली.

बाईजा वाकलेलीच राहिली. पाण्यात हात तसेच ठेवून तिनं मान वळवून या पोरीकडं बघितलं. मग उठली, ओले हात पदराला पुसले.

"रविवारी ये मंग," ती म्हणाली. "डोंगराव नाचनी बेनायची हाय. सकालच्या येष्टीनं ये, उशीर करू नको."

"येते." नम्रतानं नाक मनगटाला पुसलं, त्यानं गालभर चिखल झाला. "नाचणी कशी दिसते ओ मावशी? ती पण गवतासारखीच असते का? मग ओळखायची कशी?"

"रविवारी बघशील," बाईजा म्हणाली.